चारशे बारा दगडांचे पत्ते

विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातल्या संग्रहालयात चारशे बारा दगड आहेत. त्यातला प्रत्येक कुठून आला हे सांगू शकणारा माणूस एकच होता, कडुबा. हुद्द्यानं शिपाई. विभागप्रमुख बदलत गेले, प्राध्यापक बढत्या घेत गेले आणि कडुबा एकतीस वर्षं दारातल्या त्याच स्टुलावर बसून राहिला. शाळांच्या सहली आल्या की सर लोकांना नेमकी मीटिंग असायची. मग कडुबाच पोरांना काचेपाशी न्यायचा. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे कसे अडकले, त्या पोकळ्यांत पाणी झिरपून हे स्फटिक कसे वाढले, ते आपल्या भाषेत सांगायचा. पोरं टाळ्या वाजवायची. वार्षिक अहवालात मात्र 'विभागातील प्राध्यापकांनी मार्गदर्शन केले' असं छापून यायचं. छापणाऱ्यांना लाज नव्हती आणि कडुबाला तक्रारीची सवय नव्हती.

हे वेड त्याला लावलं विभागातल्या जुन्या प्राध्यापकांनी, राजेंद्र सरांनी. ते आता हयात नाहीत. कुठं विहीर खणतायत, कुठं खदान फुटतेय, वाळूजला एखाद्या कारखान्याचा पाया काढतायत असं कळलं की दोघं लूनावरून निघायचे. गावाकडं ज्याला लोक सरसकट गारगोटी म्हणून बांधावर फेकतात, ते हे दोघं कापसात गुंडाळून आणायचे. मग दगडाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, तो वाळला की त्यावर काळ्या शाईनं नंबर घालायचा आणि रजिस्टरात त्या नंबरापुढं गाव, जागा, खोली लिहायची. "कडुबा, दगडाचा टवका उडाला तर उडू दे, पण त्याचा पत्ता हरवू नको," सर सांगायचे. "पत्ता गेला की तो नुसता शोभेचा. अभ्यासाच्या कामाचा नाही." कडुबाचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून दगडांपुढच्या चिठ्ठ्याही तोच लिहायचा.

दोनशे सत्तेचाळीस नंबरचा दगड त्याच्या स्वतःच्या विहिरीतला होता. शेंद्र्याला त्याच्या बापाची, कचरूची, दीड एकर जमीन. बौद्ध वस्तीतल्या बायकांना तोवर दुसऱ्याच्या विहिरीवर घागरी घेऊन ताटकळत बसावं लागायचं, कुणी वरून पाणी ओतेपर्यंत. कचरूनं तीन पोरांना हाताशी धरून विहीर खणायला घेतली. बेचाळीस फुटांवर सुरुंग उडवला, तेव्हा पांढऱ्या स्फटिकांवर हिरवेगार खडे बसलेला, डोक्याएवढा दगड निघाला आणि तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. वस्तीनं गूळ वाटला. पुढं जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. विहीर बुजवून वर डांबर घातलं, आता तिथं ट्रक उभे राहतात. त्या विहिरीची जगात एकच खूण उरली होती. तो दगड आणि त्याच्यापुढची चिठ्ठी, 'शेंद्रा, कचरू यांची विहीर, ४२ फूट'. निवृत्त झाल्यावर नातवंडांना आणून ती दाखवायची, एवढीच कडुबाची हौस होती.

निवृत्तीला महिना उरला असताना विद्यापीठात तपासणी समिती येणार असं जाहीर झालं. विभागप्रमुख विश्वजीत सरांना समितीचा भारी धसका. भिंती रंगल्या, कुंड्या आल्या. मग सरांची नजर दगडांवर गेली.

"कडुबा, हे किती कळकट दिसतात. सफाईवाल्यांना बोलावलंय, किल्ली दे त्यांना."

"सर, त्यांना काय हात लावू देऊ नका. म्या पुसतो ना कुंचल्यानं."

"चारशे दगड कुंचल्यानं? समिती पुढच्या वर्षी येणार आहे का? तू जा औरंगपुऱ्यात, बॅनर घेऊन ये."

कडुबानं किल्ली दिली. एकतीस वर्षांत ती त्यानं कुणाच्या हातात दिली नव्हती, त्या दिवशी दिली. सगळ्यांसमोर साहेबाला नाही म्हणायची जीभ त्याला नव्हती. बॅनर घेऊन तो दोन तासांनी परत आला, तर सगळे दगड फरशीचं ॲसिड टाकून, तारेच्या ब्रशनं घासून उन्हात वाळत घातलेले. पाठीवरचे नंबर खरवडून साफ. चिठ्ठ्या एका पोत्यात कोंबलेल्या. काही दगडांचे नाजूक स्फटिक तर ॲसिडनं खाऊनच टाकलेले. सफाईवाला मोठ्या अभिमानानं म्हणाला, "चाचा, देखो, कैसे चमक रहे!"

कडुबा त्या दगडांपाशी जाऊन बसला. रजिस्टर जागेवर होतं, पण कुठला दगड कुठल्या नंबराचा हे सांगणारं आता काही नव्हतं. म्हणजे होतं, त्याच्या डोक्यात होतं. विभागात शिकवायला नव्यानं लागलेल्या सुलेखा मॅडम वही घेऊन त्याच्या शेजारी बसल्या. कडुबा एकेक दगड हातात घ्यायचा, तोलायचा, उजेडाकडं धरायचा.

"ह्यो पैठण रोडच्या खदानीतला. बघा, ह्या कडंला पहारीचा घाव हाय, माझ्याच हातचा. ल्ह्या, एकशे तीन."

मॅडम ताडून बघायच्या, तर रजिस्टरातलं वजन, रंग, वर्णन बरोबर जुळायचं. चार दिवसांत त्यानं तीनशे अठ्ठ्याण्णव दगड ओळखले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वही दोघांनी मिळून विश्वजीत सरांच्या टेबलावर ठेवली.

सरांनी ती चाळली आणि मिटली. "उद्या एखाद्यानं विचारलं की ही ओळख कुणी पटवली, तर काय सांगू? शिपायानं? शास्त्र आहे हे. त्यापेक्षा सगळ्यांवर 'स्थळ: अज्ञात' लिहा. जुना संग्रह आहे, कुणी काही विचारत नाही." सुलेखा मॅडमनी टेबलावरची वही उचलून घेतली. त्या कंत्राटी होत्या, मुदतवाढीचा कागद याच टेबलावर होता. खरं तर वहीवर त्यांनी स्वतःची सही केली असती, तरी ती शास्त्रात बसली असती. त्यांनी केली नाही.

"आणि हो," सर म्हणाले, "चिठ्ठ्या कडुबाच लिहील. अक्षर चांगलं आहे त्याचं."

कडुबाच्या निवृत्तीच्या कागदांवर सरांचीच सही व्हायची होती. त्यानं टाक घेतला आणि चारशे बारा वेळा तेच दोन शब्द लिहिले. विहिरीच्या दगडाची चिठ्ठी त्यानं शेवटपर्यंत मागं ठेवली होती, पण ती कोरी ठेवायची सोय नव्हती. तीही लिहिली. घरी गेल्यावर बायकोनं, चंपाबाईनं, ताट वाढलं, तर हा हात धुऊन तसाच भिंतीकडं तोंड करून पडला.

समिती आली. संग्रहालयाची चकाकी बघून खूश झाली. त्यातल्या एक वयस्क बाई मात्र हिरव्या दगडापाशी थांबल्या. ॲसिडातूनही तो बऱ्यापैकी वाचला होता.

"वा! हा कुठला?"

"जुना संग्रह, मॅडम. नोंद उपलब्ध नाही," विश्वजीत सर म्हणाले.

बाईंचं समाधान झालं नाही. चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या कडुबाकडं त्या वळल्या. "काका, तुम्ही जुने दिसता इथले. तुम्हाला तरी ठाऊक असेल?"

सुलेखा मॅडम जमिनीकडं बघत होत्या. विश्वजीत सर कडुबाकडं बघत होते. कडुबाच्या ओठांवर बापाचं नाव आलं होतं. शेंद्रा आलं होतं, बेचाळीस फूटही आलं होतं.

"नाय मॅडम," तो म्हणाला. "आमाला काय ठावं त्यातलं."

बाईंनी मान हलवली आणि चहाचा कप उचलला. सर हसले. दुपारी त्यांनी कडुबाला केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि त्याच्या सगळ्या कागदांवर एका दमात सह्या करून टाकल्या.