ठाण्याच्या एक बाई

वाचनालयात आठवड्याचं वर्तमानपत्र आलं की त्याला अजूनही तोच वास येतो, ओलसर शाईचा, जरासा तेलकट. आज आत पाऊल टाकलं तर कचेरीतले नवे कारकून त्या एका पत्रावर माना घालून बसले होते. त्यांच्यातला एक मोठ्यानं त्यातला वाचकांसाठीचा प्रश्न वाचत होता, "भरतीची वेळ रोज पुढे का सरकते?" शेजारच्यानं बेधडक ठोकून दिलं, "वाऱ्यामुळे!" अरे, ठाण्यात जन्म गेला तुझा, खाडी उशाशी आहे, आणि वाऱ्यामुळे म्हणे! एरवी मी त्याची चांगली फिरकी घेतली असती. आज पत्र न वाचताच मागे फिरलो आणि तळ्याच्या काठाकाठानं घरी आलो. कानात एकच आवाज होता, "अहो भावोजी, इतकं सोपं कसं हो विचारतात?"

हा आवाज माझ्या थोरल्या वहिनीचा. तिचं माहेर कल्याणचं, वडील तिथल्या शाळेत मास्तर. पोर आईवेगळी, घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून ते तिला वर्गाच्या कोपऱ्यात बसवून ठेवत. तिला कुणी काही शिकवलं असं नव्हे. मुलांना शिकवलेलं तिच्या कानावर पडत गेलं आणि तिथेच मुक्काम करून राहिलं. लग्नात दादानं ताम्हनातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, आणि ती आमच्या घरची झाली.

पत्र यायचं ते नेमकं तिच्या स्वयंपाकाच्या वेळी. ती सोवळ्यात, आणि छापील कागद म्हणजे दहा जातींचे हात लागलेला, त्याला शिवायची सोय नाही. मग मी उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसायचो आणि मोठ्यानं वाचायचो. उल्हास नदी कुठे उगम पावते, पारा थंडीत का उतरतो, मिठागरातलं पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागे का राहतं. चुलीवरची आमटी ढवळता ढवळता ती उत्तर सांगे, आणि धुरानं डोळे चोळत म्हणे, "लिहा, लिहा, विसराल." मी ते पोस्टाच्या कार्डावर लिहून धाडत असे. पत्र दादाच्या नावानं येई, म्हणून उत्तराखाली नावही दादाचंच पडे. पुढल्या अंकात बरोबर उत्तरं देणाऱ्यांत तेच छापून यायचं. नवऱ्याचं नाव घेण्याची चोरी, त्यामुळे ती ते मोठ्यानं वाचूही शकत नसे; पदराआड हसून नुसती मान हलवायची.

कचेरीत दादाचा मान वाढला. मोठमोठे लोक त्याला विद्वान म्हणू लागले, आणि दादालाही हळूहळू ते खरं वाटायला लागलं. एकदा ओसरीवर पाहुण्यांपुढे सुपारी कातरताना तो म्हणाला, "छे हो, बायकांना यातलं काय कळतंय?" आतली भांड्यांची आदळआपट एकदम थांबली. मी पाहुण्यांपुढे पानाचं तबक सरकवलं.

त्यानंतर प्रश्न आला तो असा: पृथ्वी गोल आहे याचं घरबसल्या पाहता येईल असं प्रमाण कोणतं? वहिनी म्हणाली, "चंद्रग्रहण. चंद्रावर सावली पडते तिची कड वाटोळी असते. बाबांनी अंगणात उभं करून दाखवली होती." तिला तेव्हा दिवस गेलेले होते. माजघरातून आई कडाडली, "पोटुशीनं ग्रहणाचं नाव काढतेस? जीभ झडली नाही तुझी!" वहिनी चुलीकडे वळली. पण मी उठायला लागलो तशी हलकेच म्हणाली, "भावोजी, या खेपेस माझं नाव घाला. माझं म्हणजे माझं, बाबा हाक मारायचे ते. तेही हेच पत्र वाचतात. तेवढं एकदा त्यांच्या नजरेस पडू दे." तिनं नाव सांगितलं. ते मी ठळक अक्षरात लिहिलं आणि कार्ड पेटीत टाकलं.

पुढला अंक आला तेव्हा तिनं आमटी उतरवून ठेवली आणि उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली. मी नावं वाचत गेलो. पुण्याचे अमुक, वाईचे तमुक. आणि शेवटी, 'ठाण्याच्या एक बाई.' पत्रकर्ते सभ्य गृहस्थ. कुलीन स्त्रीचं नाव चव्हाट्यावर मांडणं त्यांना प्रशस्त वाटलं नसावं. मला त्यांचा असा संताप आला की अंक फाडून टाकावासा वाटला. वहिनी एवढंच म्हणाली, "उत्तर बरोबर आहे ना? मग झालं." आणि पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली. तिनं नंतर एकही उत्तर सांगितलं नाही.

बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं. आईनं ग्रहणाला बोल लावला. कल्याणहून मास्तर आले, खांबाला टेकून बसून राहिले. बोलायचं म्हणून बोलावं तसं म्हणाले, "मध्यंतरी पत्रात ग्रहणाचं उत्तर आलं होतं, ठाण्याच्या कुणा बाईंचं. मनात आलं, असेल कुणा भाग्यवान बापाची लेक." मी सांगितलं, ती कोण ते. म्हाताऱ्यानं उपरणं तोंडात कोंबलं. तसं रडणं मी पुन्हा पाहिलं नाही.

वर्ष उलटायच्या आत दादाचं दुसरं लग्न झालं. घरातल्यांच्या तोंडात बसलंय म्हणून नव्या वहिनीचं नावही तेच, ताम्हनात लिहिलेलं, ठेवलं. मास्तरही मागाहून गेले. त्यांच्या घरात आता कुणी दुसरेच राहतात.

आज घरी येऊन मी भरती चंद्रामुळे कशी सरकते ते सगळं मनाशी म्हणून पाहिलं. तिचा शब्दन्‌शब्द आठवला. चुलीचा धूर आठवला, डोळे चोळण्याची तऱ्हा आठवली. कार्डावर माझ्याच हातानं लिहिलेलं ते नाव मात्र काही केल्या आठवेना. दादाला विचारलं, तर पानाला चुना लावता लावता तो म्हणाला, "लग्नात बदललं ना ते? आधीचं कोण लक्षात ठेवतो?" काळ माणसाला नेतो याचं दुःख करून आपण थकतो, तो मागे काय काय ठेवतो आणि त्यातून काय वगळतो, हे फार उशिरा ध्यानात येतं. मी दिवा लागेपर्यंत एकेक नाव ओठांवर आणून पाहत बसलो. एकही तिचं वाटलं नाही. ते आता या जगात कुणालाच ठाऊक नाही.