गुरुवारचं गाऱ्हाणं

सारिका पहिल्यांदा लक्षात आली ती देवबागच्या शाळेतल्या पालकसभेत, आणि तीही तिच्या पायांमुळे. बाकीच्या आया चपला बाहेर काढून सतरंजीवर टेकल्या होत्या. ही दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी. साडी चापूनचोपून नेसलेली आणि साडीखाली नाड्या घट्ट आवळलेले कॅनव्हासचे बूट. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे नुसती वाळू असलेल्या या गावात बूट कोणी घालत नाही. गुरुजी परीक्षेचं सांगत होते आणि सारिकेचं लक्ष पटांगणात होतं. मधेच ती कोणाला काही न बोलता सुटली, कडेच्या सुरूच्या झाडाखाली गेली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. वरून एक मुलगी त्या हातांत उतरली. सारिका परत चौकटीशी आली. धाप लागलेली होती, पण पदर ढळला नव्हता. बूट कशासाठी, ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

मुलीचं नाव तन्वी. तिला पाणी आणायला विहिरीवर पाठवलं, तर ती तासाभराने हातात जिवंत खेकडा घेऊन यायची आणि कळशी कुठे राहिली ते तिला खरोखरच आठवायचं नाही. बोलायला लागली की समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाही. झोपेतसुद्धा तिचे पाय चालू. सारिकेचं माहेर फोंडाघाटचं. तिथे बाजारपेठेतलं घर, माणसांची सवय. देवबागात सासू नाही, नवरा सिद्धेश दिवसभर पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी घेऊन जायचा. घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. स्वयंपाक, पाहुणे आणि तन्वी, सगळं एकटीवर.

कुडाळच्या मुलांच्या डॉक्टरबाईंनी तन्वीला तपासलं, शाळेतून माहिती मागवली आणि एडीएचडी हे नाव सांगितलं. म्हणाल्या, मुलगी द्वाड नाही आणि तुमच्या वळणातही काही चुकलेलं नाही. लक्ष एका जागी धरून ठेवणं आणि वेळेवर थांबणं तिच्या मेंदूला इतरांपेक्षा जड जातं. अशा मुलांना कसं सांभाळायचं हे शिकवायला त्या दर गुरुवारी आईबापांना एकत्र बसवत. फक्त मुलाला घरी ठेवून यायचं. सारिका त्यावर हसली होती. तन्वीला कोणाकडे ठेवणार?

शेजारी, कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे, तुळसाकाकी राहायची. गावात तिच्या शब्दाला वजन. मुलगा-सून मुंबईला, घर एकटीचं आणि आरशासारखं स्वच्छ. नवरात्रात देवळात ओटी भरायला बायका जमल्या होत्या. तन्वी घंटेकडे धावली आणि वाटेतली समई काकीच्या अंगावर कलंडली. लेकाने मुंबईहून पाठवलेली नवी साडी काकी त्या दिवशी पहिल्यांदाच नेसली होती. तेल पदरापासून घोळापर्यंत उतरलं. काकीने ओरडा केला नाही. तिने सगळ्या बायकांकडे बघत, सावकाश म्हटलं, "सारिका, तुका चेडवाक आवरूक जमणा नाय, तर गोठ्यात दाव्याक बांधून ठेव. म्हशी तरी वळण लावतीत."

बायका हसल्या. काही तोंडावर पदर घेऊन, काही तोही न घेता. तन्वीसुद्धा हसली, कारण तिला म्हशी आवडायच्या.

त्यानंतर हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. वाडीत सारिकेला नाव पडलं, 'चेडू आवरूक येना नाय ती', मुलगी आवरता न येणारी. तिने कोणाला उलट उत्तर दिलं नाही. कोकमाची सोलं करताना ती उन्हात वाळवतात, परत रसात भिजवतात, परत वाळवतात, तसा तिने तो राग मुरवला. भांडी घासताना तिला काकीचं वाक्य ऐकू यायचं. पाहुण्यांना सोलकढी वाढताना ऐकू यायचं. दिवाळी गेली, शिमगा आला, तोवर तो राग चांगला काळा आणि आंबट झाला होता. त्यातच कळलं की काकीच्या सुनेला दिवस गेलेत.

सारिकेने नारळ घेतला. गावदेवीपुढे एखाद्याच्या नावाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही इकडची जुनी रीत. गावकार, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी, नारळ हातात धरून ते देवाला ऐकवतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात आणि एकदा ते म्हटलं की बोललेलं मागे घेता येत नाही.

सिद्धेश म्हणाला, "देवाकडे असला मागू नये गो."

"मगे काय मागू? साबण? साडयेवरचो डाग काढूक?"

तो बरोबर गेला. तन्वीला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तीही गेली.

गंगाराम गावकार म्हातारा माणूस, घाई नसलेला. त्याने नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. "बा देवी म्हाराजा, ही तुझी लेक सारिका आज तुझ्या पायाकडे इली आसा. तुळसान हिका चार बायकांत खाली मान घालूक लावली. तर तिचा काय करूचा, ता..." त्याने एक डोळा उघडला. "बोल गो. काय करूचा तिचा?"

सारिकेने हे वाक्य कितीतरी वेळा मनात म्हटलेलं होतं. "तिच्या सुनेच्या पोटाक असाच पोर येवंदे," ती म्हणाली. "माझ्या चेडवासारखा. मगे बघूया ती खंयच्या दाव्याक बांधता."

घंटेच्या दोरीला लोंबकळत असलेली तन्वी खाली उतरली. तिचा चेहरा उजळला होता.

"माझ्यासारखा?" तिने विचारलं. "खरंच, आई? मगे मी तेका पोवूक शिकयतलंय. आणि तेका घंटापण वाजवूक देतलंय."

सिद्धेश खांबाकडे बघू लागला. आपण देवीकडे शाप म्हणून काय मागितलं, ते सारिकेला मुलीच्या आनंदाने ऐकवलं. तिने जगातली सगळ्यात वाईट गोष्ट शोधली होती आणि ती तिच्याच घरात, दोन वेण्या घालून, समोर उभी होती.

"गंगारामकाका, थांबा," ती म्हणाली. "ता नको."

"अजून व्हय म्हाराजा झाला नाय, म्हणान बरा," म्हातारा म्हणाला. "पण नारळ हातात घेतलंय. ह्यो काय मी बाजारात परत देवचंय नाय. दुसरा काय ता सांग."

राग काही गेला नव्हता. उलट वाट अडल्यावर तो अधिकच धारदार झाला. सारिकेने तन्वीकडे पाहिलं, गडग्यापलीकडचं ते आरशासारखं घर डोळ्यांपुढे आणलं आणि तिला हवं होतं ते सापडलं.

"दर गुरुवारी," ती म्हणाली, "आमी कुडाळाक जावन येवपर्यंत, तन्वीक तुळसाकाकीन सांभाळूक व्हया. तिच्या घरात. तिका वळण येता मा? लावंदे."

गंगारामची मिशी हलली. पण त्याने डोळे मिटून ते शब्दाला शब्द देवीला ऐकवलं आणि सिद्धेशने सगळ्यांच्या वाटचं "व्हय म्हाराजा" म्हटलं.

गावकाराने रीतीप्रमाणे काकीच्या घरी जाऊन निरोप दिला. काकी तडकली. पण सून पोटुशी असताना देवीच्या गाऱ्हाण्याला नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. "एक दिस कशाक, रोज हाडा," ती एवढंच म्हणाली. "दोन गुरुवारात सरळ करतंय."

पहिल्या गुरुवारी सारिकेने तन्वीला काकीच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, नेऊन उभं केलं.

"खावक काय देवचा हिका?" काकीने विचारलं. "आणि आयकना नाय तर?"

"तुमका आवरूक येता मा, काकी? माका येना नाय. मी तुमका काय शिकवतलंय?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तन्वीला एका वेळी एकच काम सांगावं लागतं. एका कामातून दुसऱ्यात न्यायचं तर आधी कल्पना द्यावी लागते. आणि अंगावर ओरडलं की ती पळते, पळते ती थेट खाडीकडे, कारण बाबांची होडी तिथे असते. यातलं काहीही सारिकेने सांगितलं नाही. काकीच्या घरातल्या बरण्या फुटताना तिला दिसत होत्या आणि त्या फुटाव्यात असं तिला मनापासून वाटत होतं. एसटीत बसल्यावर तिच्या तोंडावर हसू होतं.

मालवण मागे पडल्यावर सिद्धेश म्हणाला, "काकीक खाडीचा सांगलंस मा?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"सारिका."

"सांगूक नाय," ती म्हणाली. हसू कधी गेलं ते तिला कळलं नाही. काकीचा फोन लागेना. पुढच्या थांब्यावर दोघं उतरली आणि मिळेल त्या रिक्षाने मागे फिरली.

काकी खाडीच्या काठावर वाळूत बसली होती, छातीपर्यंत भिजलेली, केस सुटलेले. तिच्या मांडीवर तन्वी, कोणीतरी घरून आणून दिलेल्या काकीच्याच कोरड्या लुगड्यात गुंडाळलेली. झालं होतं ते असं: तन्वीने माशांच्या आमटीचा टोप उलटा केला, काकी ओरडली, मुलगी धावली आणि ओहोटीच्या पाण्यात होडीकडे निघाली. ती पोहते चांगली, पण ओहोटी तिला बाहेर ओढू लागली. काकी लग्नानंतर कधी पाण्यात उतरली नव्हती. आज उतरली.

तिने सारिकेकडे पाहिलं. आवाज चढला नाही, नवरात्रात चढला नव्हता तसाच.

"ती हडे धावता ह्या तुका ठावक होता?"

"व्हय."

"माका बुडवची होती, तर माका सांगूचा होता. मी आपणान उतारलंय आसतंय. पोर कित्या पाण्यात घातलंस?"

माफी सारिकेच्या तोंडून निघाली नाही. काकीचीही कधी निघाली नव्हती. सारिका बुटांसकट ओल्या वाळूत बसली आणि सांगू लागली. मोठ्याने बोलायचं नाही. खांद्यावर हात ठेवायचा, तिने बघितलं की मग सांगायचं, एकच काम. ते झालं की लगेच बरं म्हणायचं. उठवण्याआधी सांगून ठेवायचं. काकी पाणी निथळत ऐकत होती. मधे मधे "आणि?" म्हणत होती.

शेवटी सारिका म्हणाली, "बायकांत बोललास, ता मी इसारलंय नाय."

"इसरा नको," काकी म्हणाली. "माझी साडी मी इसारलंय काय? गुरुवारी धाड तिका."

पुढे श्रावणात एका घरी हळदीकुंकू झालं. या वेळी सारिकेला बोलावणं होतं, का ते कोणी सांगितलं नाही. तन्वी ताटांवरून उडी मारून गेली तशी एक बाई हसून म्हणाली, ह्या चेडवाक कोण आवरतला. तुळसाकाकीने हातातलं कुंकू खाली ठेवलं.

"तू एक गुरुवार ठेवन घे," ती त्या बाईला म्हणाली. "संध्याकाळी माका तुझा तोंड दाखव. मगे हास."

कोणी हसलं नाही. सारिकेने मान खाली घालून वाण घेतलं. काकीचं ते वाक्य तिने घरी पोचेपर्यंत घासासारखं चघळलं. महिनोन् महिने मुरवलेल्या रागाची चव इतकी चांगली लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

काकीला नातू झाला. तो दिवसभर शांत पडून असतो आणि तन्वीचा त्याबाबतीत फार विरस झाला आहे. कुडाळच्या बैठकीत भेटलेल्या तारकर्लीच्या एका जोडप्याचा मुलगाही आता गुरुवारी काकीच्या खळ्यात येतो. बरण्या काकीने माळ्यावर चढवल्या आहेत. सारिका आणि ती, तन्वीशिवाय दुसऱ्या कशाबद्दल एकमेकींशी बोलत नाहीत.

आठवडाभर सारिकेच्या पायांत बूट असतात. गुरुवारी कुडाळला जाताना ती चपला घालते.