एकदाच सांगणारी सिद्धी

सिद्धी कुठलंही वाक्य दुसऱ्यांदा बोलत नसे. रिक्षावाल्याला नीट ऐकू आलं नाही, तर ती सरळ मागच्या रिक्षाकडे जायची. शिलाई मशीनच्या खडखडाटात मी "काय गं?" म्हटलं की ओठ मिटून, एक पाय हलवत नुसती बघत राहायची. मग ती काय म्हणाली असेल ते मीच आठवून जुळवायचे. गल्लीतले लोक म्हणत, टीव्हीवर दिसायला लागल्यापासून पोरीच्या डोक्यात हवा गेलीय. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

माझं दुकान म्हणजे नाहूर स्टेशनकडून येणाऱ्या गल्लीत लाँड्रीवाल्याने भाड्याने दिलेला अर्धा गाळा. एक मशीन, एक आरसा, माप घ्यायला एक पडदा. मी हिंगोलीकडची. आमच्या गावात शाळा सहावीपर्यंतच होती आणि पुढची ओढ्यापलीकडे, म्हणून सहावीनंतर माझं दप्तर माळ्यावर गेलं. लग्न होऊन मुंबईत आले, तेव्हापासून धास्ती कायम सोबतीला. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, लाँड्रीवाला गाळा खाली करायला तर सांगणार नाही ना? सिद्धी म्हणायची, "ताई, भूकंप व्हायच्या आधीच तू टेबलाखाली जाऊन बसतेस."

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात शाळेचा निळा फ्रॉक होता.

"ताई, हा मोठा करून दे. आजच पाहिजे."

"अगं, तू तर कॉलेजात जातेस ना? मग शाळेचा फ्रॉक कशाला?"

"कार्यक्रम आहे. त्यांना मी शाळेतलीच लागते."

एवढं बोलून ती पाय हलवत उभी राहिली. मी दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या, आत दाबलेलं कापड थोडं मोकळं केलं. असं पुढे कितीदा तरी केलं.

तिची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. आमच्या भागातली शाळा आठवीपर्यंतच. पुढचं शिकायचं तर लांब जायचं. मुलांना लोक पाठवतात, मुलींच्या बाबतीत घरात विचार सुरू होतो आणि तो जून उलटून गेला तरी संपत नाही. सिद्धीच्या बापाने तिला मुलुंडच्या शाळेत घातलं. पण तिच्या बाकावरची फरीन घरी बसली, कानातल्यांना खडे चिकटवायला लागली. तेव्हा सिद्धीने जुन्या वर्गातल्या पोरी गोळा केल्या, वॉर्ड ऑफिससमोरच्या फुटपाथवर चादर अंथरली आणि कुणाकडून तरी आणलेलं नववीचं पुस्तक उघडून तिथेच नववीचा वर्ग सुरू केला. आम्हाला नववी द्या, बस, एवढंच मागणं. कुणीतरी फोनवर ते चित्रण केलं आणि संध्याकाळच्या आत चॅनेलची गाडी दारात.

"मॅडम उतरल्या उतरल्या म्हणाल्या, बेटा, मघाशी बोललीस ते परत बोल, जरा रडवेल्या आवाजात," सिद्धी सांगत होती. "बोलले. मग हॉर्न वाजला, परत बोल. मग उजेड गेला, परत बोल. फरीन घरी बसणार हे मी खरं बोलले होते ना यार! शेवटी ते पाठ केलेल्या कवितेसारखं यायला लागलं. आणि त्यांनी टीव्हीवर दाखवलं ते तेच."

त्या दिवसापासून तिने दुसऱ्यांदा बोलणं सोडलं.

पाठोपाठ भाऊ आले. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. "ही आमची कन्या" म्हणत त्यांनी सिद्धीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात होर्डिंगवर चढला. कुर्ला, बोरिवली, कुठेही सभा असली की भाऊंचा माणूस नितीन गाडी घेऊन यायचा. "ताई, सिद्धीचा ड्रेस रेडी आहे ना? भाऊंनी खास सांगितलंय, फ्रॉकच पाहिजे." प्रत्येक सभेत भाऊ जाहीर करायचे, पुढच्या जूनला नववी सुरू. त्या एका वाक्यासाठी सिद्धी जात राहिली.

एकदा गोरेगावच्या स्टुडिओत मीही गेले, फ्रॉकचा हूक तुटेल या भीतीने. तिथल्या पोराने तिच्या केसांना तेल चोपडलं, दोन वेण्या घातल्या आणि म्हणाला, "चष्मा काढ. चष्म्यात गरीब वाटत नाहीस."

"चष्मा काढला तर मला भाऊ दिसणार नाहीत."

"मग काढच!" कॅमेरावाला हसला. ती मात्र हसली नाही.

एका जूनला खरोखरच उद्घाटन झालं. रिकाम्या खोलीत बाकं मांडली, मुली बसवल्या, फीत कापली, फोटो निघाले. दुपारी मंडपवाल्याचा टेम्पो आला आणि बाकं घेऊन गेला. बाकं त्याचीच होती, भाड्याने आणलेली. खोलीला कुलूप लागलं. सिद्धी मला म्हणाली, "पोरी फोटोसाठी उठल्या ना ताई, तिथेच वाट लागली." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

या सगळ्या धावपळीत ती माझ्या दुकानात यायची ती मला शिकवायला. सतरा नंबरचा फॉर्म भरून शाळेत न जाता दहावीला बसता येतं, हे तिनेच सांगितलं. मी म्हटलं, "मला अपूर्णांक बघूनच घाम फुटतो गं." तिने माझ्याच हातातली कात्री घेतली आणि चिंधीचे तुकडे करून दाखवले. समजलं नाही तर मी भीतभीत बघायचे. ती म्हणायची, "तेच परत नाही सांगणार. दुसऱ्या तऱ्हेने सांगते." मग भाकरी यायची, मग रिक्षाचं भाडं यायचं. पण चिडायची नाही. माझ्यासारख्या बाईवर एवढा वेळ घालवणारं दुसरं कुणी मला आजवर भेटलेलं नाही.

आणि एक दिवस शिवणीतलं कापड संपलं. मी फ्रॉक तिच्यापुढे धरला. "सिद्धी, आता यात काही उरलं नाही गं."

तिने बोटांनी शिवण चाचपली. "सुटले," म्हणाली, आणि नितीनला फोन करून सांगितलं की आता येणार नाही. त्याने काहीतरी विचारलं असावं, पण तिने फोन ठेवला होता.

गल्लीत लगेच बोलणं सुरू झालं. भाऊंनी हिला कुठून कुठे नेलं, आणि ही बघा! आठवडाभरात नितीन तोच फ्रॉक सिद्धीच्या घरून मागून घेऊन माझ्याकडे. "ताई, हा लहान करायचा. नवीन मुलगी आहे, आरोही. आठवी झालीय, पण अंगाने अगदी बारीक. टीव्हीवर झकास दिसते."

नाही म्हणावं तर लाँड्रीवाला भाऊंचा खास, गाळा गेलाच. हो म्हणावं तर सिद्धीला तोंड कसं दाखवू? ती संध्याकाळी आली तेव्हा फ्रॉक मशीनवरच पडलेला होता.

"शिव," ती म्हणाली. "फक्त माप घ्यायला तिला इथे बोलाव."

आरोही आली. एवढीशी, पण डोळे सगळीकडे फिरणारे. मी पडद्याआड तिचं माप घेत होते, सिद्धी शेजारी स्टुलावर.

"परत नववीचं उद्घाटन आहे ना?"

"हो दीदी. मी फीत कापणार! तुम्ही नाही येणार?"

"नाही. तू जा. परत बोल म्हणाले तर बोलू नकोस, पहिल्यांदा बोलशील तेच खरं. आणि एक कर. फीत कापलीस की बाकावर बस आणि उठू नकोस. फोटोला बोलावलं, भाऊंनी बोलावलं, तरी नाही. बाकं न्यायला टेम्पो येईल. मैत्रिणींनाही उठू देऊ नकोस."

"आणि ओरडले तर?"

"कॅमेरा असेपर्यंत कुणी ओरडत नाही."

उद्घाटनाला मी टाचण्या घेऊन गेले. सिद्धी रस्त्यापलीकडे नारळवाल्याच्या छत्रीआड उभी होती, फोटोत येऊ नये म्हणून. फीत कापली, टाळ्या झाल्या आणि आरोही पहिल्या बाकावर जाऊन बसली. मागोमाग सगळ्या पोरी.

"बेटा, बाहेर ये ना, बाइट देतेस?" चॅनेलच्या मॅडम.

"बसूनच देते."

भाऊ हसले. "उठा गं पोरींनो, पेढे आलेत."

"इथेच द्या ना भाऊ."

टेम्पोवाला दारात येऊन घड्याळ बघायला लागला. मॅडमना मात्र वास लागला. त्यांनी कॅमेरा टेम्पोकडे वळवला, मग आरोहीकडे. "कधी उठणार तुम्ही?"

"नववीचा पहिला तास झाला की."

माइक भाऊंच्या तोंडाशी गेला. ते रुमालाने मान पुसत होते. "बाकं मुलींचीच आहेत," शेवटी म्हणाले. "वर्ग आजपासूनच सुरू. कोण म्हणतं नाही?" टेम्पो रिकामा परत गेला.

कायमच्या बाई मिळायला दिवाळी उजाडली, पण वर्ग बंद पडला नाही. दारावर भाऊंच्या नावाची पाटी आहे, शेजारी आरोहीचा फोटो. सिद्धीचं नाव कुठेच नाही. मी तिच्यापुढे चडफडले, तर म्हणाली, "फरीनची बहीण जाते ना त्या वर्गात? मग झालं."

तिला कुडाळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तिथे आजीचं घर आहे. "इथे मी नुसती चालले तरी लोक फोन बाहेर काढतात," म्हणाली. निघायच्या दिवशी खांद्याला बॅग लावून दुकानात आली. मी मान खाली घालून मशीन चालवत होते, डोळे दिसू नयेत म्हणून. ती काहीतरी म्हणाली. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "काय गं?"

आणि मी जीभ चावली. आता ती बघत राहील आणि तशीच निघून जाईल. पण तिचा नेहमी हलणारा पाय स्थिर होता.

"दहावीला बस, म्हटलं," ती म्हणाली. मग दाराशी जाऊन पुन्हा वळली. "बस हां ताई. नक्की बस."

मी मान हलवली. फॉर्म भरलाय. तिला सांगायचं मात्र राहून गेलं, की मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.