हरीअण्णांचं न म्हटलेलं भाषण

गावच्या नाटकात ज्यांना मी दरवर्षी भाल्यानं मारायचो, ते हरीअण्णा आज सकाळी आमच्या घिवली गावात खरंच गेले.

वय झालं होतं. रडू येत नाही. नुसतं थकल्यासारखं वाटतंय.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुकेंद्राचं बांधकाम चालू होतं. आमचे निम्मे नट तिथे कामाला, म्हणून प्रॅक्टिस रविवारी दुपारी.

अण्णा किल्लेदार, मी शत्रू.
मी भाला मारला की अण्णा पडायचे, आणि पडल्यावर पानभर बोलायचे. बायको, मुलं, माती, देव... सगळ्यांचा निरोप घेऊन मग मान टाकायचे.
बायका पदर डोळ्याला लावायच्या. पब्लिक 'वन्स मोअर' ओरडायचं. अण्णा उठून परत मरायचे!

मग एका वर्षी वाडीच्या बांधावरून भांडण झालं. शेजाऱ्यानं अण्णांच्या मोठ्या भावावर कोयता चालवला.
अण्णा धावत पोचले. भावाचं डोकं मांडीवर घेतलं. तो तिथेच गेला.

वहिनीनं विचारलं, "जाताना काय बोलले?"
"तुझं नाव घेतलं दादानं. पोरांना जप म्हणाला."

त्यानंतर वहिनी अण्णांशी बोलायचीच बंद झाली. का, ते कुणाला कळेना.

पुढच्या वर्षी तेच नाटक. आम्ही म्हटलं, अण्णा, यंदा राहू द्या. ऐकलं नाही.

मी भाला मारला. अण्णा पडले.
भाषण येईना. विंगेतून प्रॉम्प्टर वाक्यं देतोय, अण्णा माझा हात घट्ट धरून नुसते बघतायत.
मग म्हणाले, "थंडी वाजते रे."
बस्स. मान टाकली.

एक टाळी नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, बोल ना!"

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेजच्या फळ्या सोडवत होतो. वहिनी आली.
"भावजी, काल नाटकात तुमी गेलात, ते तसेच गेले ना?"
अण्णा फळीचा खिळा उपटत राहिले.
"खरं सांगा. मी रडत नाय आता."
"हो वहिनी. नाव नाय घेतलं. थंडी वाजते म्हणाला, नि गेला. मी खोटं बोललो."

वहिनी तिथेच फळीवर बसली.
"मला वर्षभर वाटायचं, एवढं बोलायला वेळ होता, तर वाचवायलाही असंल. तुमी का नाय वाचवलं त्यांना?"
"वेळच नव्हता गो."
"हां. काल कळलं."

थोड्या वेळानं उठली. म्हणाली, "घरी जेवायला या."

अण्णांनी पुन्हा मरणाचा पार्ट केला नाही.

हल्ली टीव्हीवर सतत कुणीतरी मरतं, आणि मरताना फार सुंदर बोलतं. मी बंद करतो.

अण्णा, सुखानं जा. तुमच्या शत्रूचा शेवटचा नमस्कार.