मेणाचा दोरा

कारखान्यात तिला सगळ्या उसवणकरीण म्हणत. टाकून दिलेल्या कपड्यांचे गठ्ठे आले की शिवणी तोडायच्या, नव्या शिवणीसाठी कापड मोकळं करायचं, हेच तिचं काम. शिवायला बसवलं तर सुई बोटात! भरतकामाचा हात सगळा थोरल्या बहिणीला मिळाला होता. वस्तीत तसे बारीक टाके घालणारी आता ताईच उरली होती. दोरा दुहेरी घ्यायची, मेणबत्तीवर ओढायची, मगच सुईत.

जुन्या कपड्यांच्या तुकड्यांचा एक कोट ताईने तीन महिने भरला. कोट झाला, कारखान्याने दुकानात विकायला पाठवला आणि तिचे डोळे गेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "माझा कोट कुठं फिरतोय गं?"

हिला, उसवणकरणीला, काय डोंबल ठाऊक! पण ही थापा मारायची. एका मास्तरीणबाईंनी घेतलाय. आज बाजारात दिसल्या, कॉलर वर करून ऐटीत चालल्या होत्या. ताई खूश व्हायची, दोन घास जास्त जेवायची.

गेल्या महिन्यात गठ्ठा फोडला, तर वरच तो कोट. किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. घडीसुद्धा मोडली नव्हती मेल्यांनी! कचऱ्यातून वाचवलेलं कापड दुकानात पडून पडून परत कचऱ्यात आलं होतं.

"ताईचाच ना हा? घरी घेऊन जा," मुकादमीण म्हणाली. भली बाई.

पण नेणार कुठे? ताईची बोटं क्षणात ओळखतील. मग मास्तरीणबाईंचं काय सांगायचं? "नको," म्हणत हिने कात्री उचलली. दिवसभर उसवत होती. मेणाचा टाका सहजी सुटेना. एकेक टाका तोडताना हिचा जीव तुटत होता.

संध्याकाळी पाणी घेताना ताईचा हात हिच्या बाहीवर पडला. बाहीला दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता. ताईने तो चिमटीत धरून चोळला, नखाने मेण खरवडून पाहिलं. वापरून धुतलेल्या दोऱ्यावर एवढं मेण उरत नाही.

"सगळा उसवलास?"

"हो."

"पाठीवरचं पण?"

"हो गं ताई."

"कुणी घातलाच नव्हता ना?"

एवढ्या थापा मारलेल्या बाईने पाण्याचं भांडं उचलून बाजूला ठेवलं. ताई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

आता ती कोटाचं विचारत नाही. ताट रोज निम्मं परत येतं.