धाकट्या पातीची सुईण

आमच्या देवासात तेव्हा दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला एक राजा, त्या कडेला दुसरा. कचेऱ्या दोन, दवाखाने दोन, आणि अकड तर चौपट! विलीनीकरण झालं, राज्यं गेली, अकड मात्र राहिली. मी थोरल्या पातीचा कारकून, माझ्यात तर ती ठासून भरलेली.

दोन्ही दवाखाने एक झाले आणि सुईणीची जागा एकच उरली. निवडायला आम्ही तिघे बसलो. उमेदवार दोघी. एक धाकट्या पातीची बाई, पंधरा वर्षं बाळंतपणं केलेली, पण सर्टिफिकेट नाही. दुसरी इंदूरहून ट्रेनिंग घेऊन आलेली, पहिल्या नंबरानं पास झालेली एकोणीस वर्षांची पोरगी.

माझा मुलगा त्या बाईच्याच हातचा. बायको दोन दिवस अडली होती, आमच्या दवाखान्यानं हात टेकले, तेव्हा मी रस्ता ओलांडून बाईच्या पाया पडलो होतो. कमिटीपुढं ती हे बोलली नाही. मीही मिठाची गुळणी धरून बसलो. बाकी दोघांचं एकमत होईना, मग माझ्यावर आलं.

"अनुभवाचं काय घेऊन बसलात?" मी म्हणालो. "पोरगी होतकरू आहे, शिकेल."

हलकट मी! धाकट्या पातीची बाई आमच्या दवाखान्यात मिरवलेली मला बघवली नसती, एवढंच कारण.

बायकोला तेव्हा सातवा महिना. "अहो, मला त्याच बाई हव्यात," ती म्हणाली. पण बाई पार लांब, नर्मदाकाठी नेमावरला भावाकडे निघून गेली होती. शेवटी बायकोला धारला माहेरी पाठवायचं ठरलं. निघायच्या आधल्या दिवशी, भर दुपारी, कळा सुरू झाल्या.

पोरगी बिचारी धावत आली. तपासून बाहेर आली ती पांढरीफटक होऊन. "बाबूजी, बच्चा आड़ा है. मैंने अकेले कभी नहीं किया. बड़ी बाई को बुला लीजिए न."

मुलगी झाली, मेलेली. पोरगी ओक्साबोक्शी रडली. बायको रडली नाही.

पुढं ती पोरगी खरंच तरबेज झाली. आजही कुणी ना कुणी ओसरीवर बसून मला म्हणतं, "काय पारख हो तुमची!"

बायको आत ऐकत असते.