डावीकडून येतेय

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या सरायीत झाडूवाल्यापासून मालकीणबाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही जिथे एक शब्द बोलायचा होता, नेमकी तिथेच मी गप्प बसले. मित्सुएताईंची गोष्ट सांगायची तर हे आधी कबूल करायला हवं.

मित्सुएताई आमच्याकडे मालिश करतात. करायच्या. नवव्या वर्षी तापात डोळे गेले, अंधशाळेत हे काम शिकल्या आणि बाविसाव्या वर्षी आमच्या गरम झऱ्यांच्या गावात आल्या. पाहुणा कुंडातून न्हाऊन आला की त्यांच्यासमोर पालथा पडायचा. अंगठा टेकवताच त्या म्हणायच्या, "कालची साकेची दारू थेट पोटरीत उतरलीय की तुमच्या!" ताटं उचलून उचलून माझा खांदा धरायचा, म्हणून दर मंगळवारी मलाही बसवायच्या. "हिसायो, हा खांदा आहे की वाळवलेला बांगडा?" बदल्यात मी त्यांना पर्सिमॉनची फळं सोलून द्यायची.

स्वयंपाकघरातून खोल्यांकडे जाणारा बोळ अरुंद आहे. गरम ताट घेऊन निघालं की आम्ही बायका ओरडायचो, "डावीकडून येतेय!" आणि मित्सुएताई भिंतीला पाठ लावून उत्तर द्यायच्या, "ऐकलं!" त्या आल्या तेव्हापासूनची ही रीत. छत्तीस वर्षांत त्यांच्या अंगावर एक थेंब सांडला नव्हता.

मग सिनेमावाले आले. जुन्या सिनेमांतला, गावोगाव मालिश करत फिरणारा आंधळा तलवारबाज आमच्या आयांच्या पिढीने डोक्यावर घेतला होता. त्याला आता नव्याने आणायचं होतं, तेही बाई म्हणून, आजच्या काळात, तलवारीऐवजी पांढरी काठी देऊन. असाहिना नावाची नटी मित्सुएताईंचं चालणं-वागणं शिकायला बारा दिवस राहिली. मुलगी गुणी होती, उगाच का वाईट बोला.

एके दुपारी तिच्या कोपराचा धक्का लागून चहाचा पेला घरंगळला आणि अलगद मित्सुएताईंच्या तळहातात पडला. पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तुम्हाला कसं कळलं?" मित्सुएताई नुसत्या हसल्या.

नंतर चादरींच्या खोलीत मला म्हणाल्या, "अगं, मी टॉवेल चाचपत होते, पेला आपसूक हातात पडला. सांगून टाकू का तिला?"

"खुळ्या आहात का तुम्ही? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे पण," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी खूप हसलो.

पुढच्या शरदात सिनेमा आला. त्यातली मालिशवाली हवेतला पेला झेलते, पाठोपाठ सुरा झेलते आणि चार गुंडांना अंगठ्याने लोळवते. खरी मालिशवाली इथलीच, हे कळताच सरायीतल्या खोल्या महिना महिना आधी भरू लागल्या. लोक मालिशला कमी आणि मित्सुएताईंना बघायलाच जास्त येत. एकाने तर त्यांच्याकडे संत्रं फेकलं. ते कानावर आदळलं. "मुद्दाम सोडलं बघ! काय कलाकार आहे!" असं म्हणून तो हसला. मित्सुएताईंनी वाकून जमीन चाचपली, संत्रं शोधलं, पुसून त्याला परत दिलं. माझं डोकं फिरलं होतं. तरी मी त्या मेल्याला वाकून चहा दिला.

मग मालकीणबाईंचा हुकूम निघाला. "बोळात ओरडायचं बंद करा गं. त्या शांतपणे चालतात ते पाहुण्यांना बघायचं असतं. आणि त्यांना सगळं कळतंच की."

त्यांना कळत नाही, हे बाकी कुणी मानलंच नसतं. पण मला तर पक्कं ठाऊक होतं. पेल्याची गोष्ट सांगितली असती तर माझंच पितळ उघडं पडलं असतं. मी म्हटलं, "बरं, बाईसाहेब."

काही दिवसांनी मित्सुएताईंनी विचारलं, "हल्ली बोळातून कुणी जात नाही का गं?"

"पाहुण्यांना आवाज नको असतो."

"तू तरी मार हो हाक. हळू मारलीस तरी चालेल."

"मारीन," मी म्हटलं. आणि मारायचेही, मालकीणबाई आसपास नसल्या की.

फेब्रुवारीतली दुपार होती. मी खेकड्याच्या सारानं भरलेलं बिडाचं भांडं घेऊन निघाले. बोळाच्या टोकाला दोन पाहुणे मोबाइल धरून उभे होते, शेजारी मालकीणबाई. समोरून मित्सुएताई येत होत्या. हाक ओठांवर आली होती. मालकीणबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, भिंतीला चिकटून निघून जाईन. त्याच वेळी मित्सुएताईंनी भिंत चाचपायला उजवा हात पुढे केला आणि तो उकळत्या सारात गेला.

एका पाहुण्याने टाळी वाजवली. त्यांची किंकाळी ऐकल्यावर थांबला.

इस्पितळात मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्या म्हणाल्या, "साराचा वास आला होता गं. पाऊलही ओळखलं होतं. पण हाक आली नाही, म्हणून म्हटलं, हिसायो भांडं खाली ठेवून थांबली असेल."

त्याच दिवशी मी मालकीणबाईंना पेल्याचं सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता हे उकरून काय उपयोग?" त्या दुष्ट नाहीत. मीही नाही. म्हणूनच जास्त जळतं.

कातडी भरून आली, अंगठा मात्र वाकत नाही. मित्सुएताई आता गावाच्या खालच्या अंगाला, सार्वजनिक न्हाणीघरात कोपराने मालिश करतात. कोपराला पोटरीतली साके कळत नाही, असं त्या म्हणतात म्हणे. मला हे दुसऱ्यांकडूनच कळलं. जायला मला आठ महिने लागले.

पर्सिमॉन पिकले तेव्हा गेले. तिथलाही बोळ अरुंदच. त्या समोरून काठी टेकत येत होत्या. माझ्या हातात फळांची टोपली, गरम असं काहीच नव्हतं. तरी जोर करून म्हटलं, "डावीकडून येतेय!"

त्या थांबल्या. भिंतीला पाठ लावली.

"ऐकलं," त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.